गॅस एक नंबर, पण हिशोब स्वतः ठेवा – एमआयडीसीत पाइप गॅस घेऊन दोन वर्षं झाली त्याचा अनुभव

आमचं पावडर कोटिंगचं (धातूच्या मालावर रंगाची पावडर मारून ओव्हनमध्ये पक्की करायचं) युनिट आहे, शहराला लागून असलेल्या एमआयडीसीत, १८ माणसं, एक कन्व्हेयर ओव्हन, एक बॅच ओव्हन आणि सेव्हन टँक, म्हणजे रंगाआधी माल धुवायच्या सात टाक्या. पाइप गॅस, म्हणजे पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस, घेऊन आता दोन वर्षं पूर्ण झाली आणि रोज कुणीतरी फोन करून विचारतंय की घेऊ का नको, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एका भागात गॅस देणारी कंपनी एकच असते, मी काही चांगलं लिहिलं काही वाईट लिहिलं तर बोट सरळ तिथल्या चार पोरांकडं जाईल आणि ती पोरं खरंच चांगली आहेत. गॅसला माझ्याकडून पाचपैकी पाच, मेंटेनन्सला चार, बिलाला आणि सेटलमेंटला अडीच.

आधीचं सांगतो म्हणजे फरक कळेल. आम्ही ४७.५ किलोच्या कमर्शियल सिलेंडरवर होतो, महिन्याला साधारण ८० टाक्या. टाक्या जोडून बँक लावलेली, सहा चालू सहा स्टँडबाय. १०० किलोच्या वर एलपीजी साठवायचा म्हटलं की पेसोचा, म्हणजे स्फोटक पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचा, परवाना लागतो, ती फाइल वेगळीच. त्यात डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे गारठा पडला की टाकी बाहेरून पांढरी व्हायची, आत गॅस असून वाफ होत नाही, प्रेशर पडतं, ओव्हन १८० ला जाऊन थांबतो आणि पोरं गरम पाण्यात भिजवलेली पोती टाकीवर टाकत बसायची, मी शंभर वेळा ओरडलो असेन की असलं करू नका पण डिस्पॅचची गाडी दारात उभी असली की कोण ऐकतंय. आणि टाकी परत जाताना तळाशी दोन-तीन किलो गॅस तसाच परत जायचा, त्याचे पैसे दिलेले असायचे. हा लॉस कुठल्याच खात्यात दिसत नाही पण महिन्याला ८० टाक्या धरा आणि बघा किती होतो.

मग आमच्या रोडवरून पाइप गेला. पिवळा-नारिंगी प्लास्टिकचा पाइप टाकताना बघितला तेव्हा मलाच खरं वाटेना, कारण मराठवाड्यात अशी सोय आली म्हणायला आपल्याला नेहमी दहा वर्षं उशीर. समृद्धीच्या बाजूनं मुंबई-नागपूर लाइन टाकायचं काम निघालं आणि तेव्हापासून इकडं नुसती चर्चा होती, ती दारात आली.

आता करार. लोक इथंच चुकायलेत म्हणून जरा निवांत लिहितो.

मार्केटिंगचा साहेब आला, चांगला बोलका, लोड विचारला. मी म्हटलं ८० टाक्या. त्यानं कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाला सर रोजचे २५० एससीएम (स्टँडर्ड घनमीटर) लिहू, पुढं वाढवायला त्रास नको. मी सही करायलाच बसलो होतो, तेवढ्यात आमचे भाऊजी, ते सीए आहेत, म्हणाले थांबा दाजी, हा आकडा म्हणजे पाणीपट्टी नव्हे, हा तुमचा शब्द आहे. मग आम्ही रात्री बसून काढलं. ८० गुणिले ४७.५ म्हणजे ३८०० किलो एलपीजी. एक किलो एलपीजीची उष्णता साधारण सव्वा एससीएम नैसर्गिक गॅसइतकी पडते, म्हणजे ४७५० एससीएम महिन्याला. २६ दिवस काम म्हणजे दिवसाला १८२-१८३. आम्ही १८० लिहिला.

हा फरक का महत्त्वाचा ते बघा. करारात एमजीओ असतो, मिनिमम गॅरंटीड ऑफटेक, म्हणजे तुम्ही वापरा न वापरा इतक्याचे पैसे द्यायचेच. आमच्या करारात तो ८० टक्के आहे आणि पंधरवड्यावर मोजतात. १८० च्या हिशोबानं १५ दिवसांचे २७०० आणि त्याचे ८० टक्के २१६०. आमचा वापर पंधरवड्याला २३७५ च्या आसपास, म्हणजे आपण वर आहोत, काही नाही. पण २५० लिहिला असता तर ३७५० चे ८० टक्के ३००० होतात. दर पंधरवड्याला सव्वासहाशे एससीएमचे पैसे न जाळता दिले असते, वर्षभर! आणि साहेब खोटं बोलला असंही नाही, त्याच्या कंपनीला जास्त आकडा बरा एवढंच. आपला आकडा आपणच काढायचा.

दुसऱ्या बाजूनं कमी लिहिला तर तिथंही मार आहे. आमच्याकडं रोजच्या आकड्याच्या ११० टक्क्यांच्या वर ओढलं की वरच्या गॅसला वेगळा चढा दर. एकदा एक्स्पोर्टचा लॉट होता, तीन दिवस दोन्ही ओव्हन रात्रंदिवस चालले, ते बिल बघून मी गप्प झालो.

मला आधी वाटायचं की ही कंपनी मुद्दाम असले नियम लावतेय. नंतर त्यांच्याच एका जुन्या इंजिनिअरनं चहा पिताना नीट समजावलं आणि मला ते पटलं, म्हणून इथं लिहितो. आपल्याला दिसते ती शहरातली कंपनी. तिच्या वर मोठ्या लाइनवाला, म्हणजे ट्रान्सपोर्टर, सरकारी कंपनी गेल वगैरे. त्याच्याही वर गॅस विकणारा, कुणी देशातला, कुणी जहाजातून एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस, आणणारा. शहरातल्या कंपनीला रोज आदल्या दिवशी वर सांगावं लागतं की उद्या इतका गॅस घालतोय, इतका काढणार. गॅसचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६. जितका लाइनीत घातला आणि जितका काढला यात फरक पडला की त्याला इम्बॅलन्स म्हणतात आणि मर्यादेबाहेर गेला की त्याचे चार्जेस लागतात, कारण पाइपलाइन म्हणजे टाकी नाही, एकानं जास्त ओढलं की पुढच्याचं प्रेशर पडतं. वर जो करार त्यांनी केलाय तोच थोडा बदलून खाली आपल्याला लावतात. टेक ऑर पे, म्हणजे घ्या नाहीतर पैसे द्या, वरतीही आहे. मग प्रत्येक पायरीवर कुणाची जबाबदारी कुठं संपते हे लिहिलेलं असतं: मोठी लाइन शहराच्या गेट स्टेशनपर्यंत, तिथून आपल्या मीटरच्या आउटलेटपर्यंत शहरातली कंपनी, आणि आउटलेटच्या फ्लँजपासून पुढं आपण. आमच्या शेजारच्यानं मीटरच्या पुढच्या पाइपला गळती लागली तेव्हा कंपनीला शिव्या घातल्या, पण तो पाइप त्याचा होता, त्याच्याच फॅब्रिकेटरनं टाकलेला.

आणि वरती सगळं आलबेल असतं असंही समजू नका. गेलनं २०१२ साली रशियाच्या गाझप्रॉमच्या कंपनीशी २० वर्षांचा एलएनजीचा करार केला होता, वर्षाला साधारण २५ लाख टनांचा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध झालं, गाझप्रॉमची जर्मनीतली शाखा जर्मन सरकारनं ताब्यात घेतली आणि जहाजं यायची थांबली. गेलला आपल्या गिऱ्हाइकांचा गॅस कापावा लागला. पुढं गेल लवादात गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलर घेऊन ते प्रकरण मिटलं. करारात शब्द होते म्हणून काहीतरी हातात पडलं. एवढ्या मोठ्या कंपनीला कागद काढून बसावं लागतं तर आपण ४० पानं न वाचता सही का करावी.

बरं, गॅसबद्दल. बर्नर बदलावे लागतात किंवा निदान नोझल आणि गॅस ट्रेन (बर्नरच्या आधीची व्हॉल्व्ह-रेग्युलेटरची जोडणी), कारण घनमीटरला घनमीटर धरलं तर एलपीजीत नैसर्गिक गॅसच्या अडीच-तीन पट उष्णता असते, म्हणजे तेवढ्याच आगीला गॅस जास्त सोडावा लागतो, भोक मोठं पाहिजे. आमचा खर्च दोन ओव्हन आणि गरम टँक मिळून सव्वा लाखाच्या आसपास गेला. एक दिवस बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत लागली, निळीशार. आमचे फोरमन मामा ३० वर्षं भट्टीवर आहेत, ते बघून म्हणाले मालक आता टाकीकडं बघायचं काम संपलं. तेव्हापासून ओव्हनचं टेम्परेचर सरळ रेषेत आहे, १९० म्हणजे १९०. आधी दर दोन दिवसाला बँक बदलताना जो झोल यायचा, ग्लॉस कमीजास्त, कधी ऑरेंज पील म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रंग, ते रिजेक्शन जवळजवळ गेलं. मला विचाराल तर खरा पैसा इथं वाचला, दरात नाही. आणि मन शांत, कारण हा गॅस हवेपेक्षा हलका, लीक झाला तर वर जातो, एलपीजीसारखा खाली खड्ड्यात साठून बसत नाही. अर्थात शेडला वर व्हेंट पाहिजेत, पत्र्याखाली कोंडला तर तोही तितकाच घातक, आम्ही दोन टर्बो व्हेंटिलेटर वाढवले.

आता बिल. पहिलं बिल आलं तेव्हा एक तास कळेना काय आहे. मीटर दाखवतो घनमीटर, बिल येतं एमएमबीटीयूमध्ये, हे उष्णतेचं माप, एक म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. गंमत म्हणजे अवघड काही नाही, कुणी सांगत नाही एवढंच. एससीएम गुणिले जीसीव्ही भागिले २,५२,०००. जीसीव्ही म्हणजे एका एससीएम गॅसची उष्णता, किलोकॅलरीत, आणि ती वरच्या स्टेशनच्या मशीनवरून येते. २००० एससीएम वापरला आणि जीसीव्ही ९५०० असेल तर ७५.४ एमएमबीटीयू, तोच ९३०० असेल तर ७३.८. म्हणजे मीटर तोच, बिल वेगळं. त्यामुळं बिलावर जीसीव्ही छापलाय का बघा आणि कुठल्या तारखांचा सरासरी घेतलाय ते विचारा. आमच्या एका बिलात मागच्या पंधरवड्याचाच आकडा परत छापला होता, मेल केल्यावर दुरुस्त करून दिला, वाद नाही.

एससीएममधला एस पण महत्त्वाचा, स्टँडर्ड. म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला धरलेला घनमीटर. आपल्याकडं मे महिन्यात मीटरचा स्किड, म्हणजे मीटर बसवलेला सांगाडा, कंपाउंडच्या भिंतीला उन्हात उभा. समजा गॅस ४० अंशाला मीटरमधून गेला तर तो ८-९ टक्क्यांनी फुगलेला असतो, नुसतं आकारमान मोजलं तर तेवढं जास्त बिल. म्हणून मीटरवर ईव्हीसी नावाचं यंत्र बसवलेलं असतं, ते प्रेशर आणि टेम्परेचर बघून दुरुस्त करतं. आमच्या स्किडवर मी स्वखर्चानं पत्र्याची सावली केली, त्यांच्या माणसाला विचारून, लेखी परवानगी घेऊन. यंत्र नीट असेल तर सावलीनं बिल बदलत नाही, पण स्क्रीन दुपारी दिसायला लागली आणि ती बॅटरी ४४ डिग्रीत तापत नाही.

तरी ती बॅटरी गेलीच. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस स्क्रीन बंद. मी त्याच सकाळी फोन केला, मेल केला. माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्या दिवसांचं बिल त्यांनी मागच्या पंधरवड्याच्या सरासरीनं लावलं आणि मागचा पंधरवडा नेमका एक्स्पोर्टवाला! मी करार काढला. त्यात लिहिलेलं की मीटर बंद असेल तर आधी दुसऱ्या मीटरवरून, ते नसेल तर सारख्या परिस्थितीतल्या वापरावरून. सारख्या परिस्थितीतल्या, हे शब्द आहेत. आमच्याकडं प्रॉडक्शनचं रजिस्टर होतं, त्या तीन दिवसांत किती हँगर गेले ते लिहिलेलं, त्यावरून हिशोब करून दिला. बिलिंगच्या मॅडमनी दोन मेलमध्ये मान्य केलं. त्यांचे आभार मानतो, माझा कागद त्यांनी नीट वाचला.

पण एका गोष्टीचा मला अजून राग आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर रोडला कुणाच्या तरी कामासाठी जेसीबी आला आणि आमच्या लाइनवरचा पाइप फोडला. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, वास आला, लोकांनी फोन केले, कंपनीच्या पोरांनी अर्ध्या तासात व्हॉल्व्ह बंद केला, रस्ता अडवला, ते काम त्यांनी उत्तम केलं. पण आमचा गॅस अडीच दिवस बंद. ओव्हन थंड. हँगरवर पावडर मारलेला माल तसाच लटकलेला, तो सगळा धुवून परत करावा लागला. एका कस्टमरची लाइन आमच्यामुळं थांबली आणि त्याचं डेबिट नोट वेगळं. टाक्या तर आम्ही परत करून टाकलेल्या.

ठीक आहे, अपघात आहे, समजू शकतो. पण पंधरवड्याचं बिल आलं ते पूर्ण २१६० एससीएमचं. आमचा वापर होता १९००. म्हणजे ज्या अडीच दिवसांत त्यांनीच गॅस दिला नाही ते दिवस धरून आम्हाला वरून एमजीओ लावला! करारात साफ लिहिलंय की विक्रेत्यानं पुरवठा केला नाही ते दिवस एमजीओतून वजा. १५ मधून अडीच गेले, साडेबारा दिवस, १८० चे ८० टक्के १४४, साडेबारा गुणिले १४४ म्हणजे १८००. आम्ही १९०० वापरला म्हणजे मिनिममच्या वर आहोत, फक्त १९०० चेच पैसे द्यायचे. २६० एससीएम जास्त, पंधरा-सोळा हजारांचा फरक.

फोन केला तर म्हणाले सिस्टिम ऑटो जनरेट करते. मेल केला तर म्हणाले ऑपरेशन टीमकडून सप्लाय बंदचा रिपोर्ट आला नाही. ऑपरेशनला विचारलं तर म्हणाले आम्ही दिलाय, बिलिंगला विचारा. आणि मधल्या काळात बिल भरलं नाही तर व्याज, जास्त दिवस गेले तर बँक गॅरंटी वटवायची नोटीस. मी पैसे भरले, अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत कायम ठेवून, असं मेलमध्ये लिहून भरले, हे भाऊजींनी सांगितलं होतं आणि ते फार कामाला आलं. मग ईव्हीसीचा तासातासाचा डेटा मागितला, तो द्यावा लागतो, त्यात त्या अडीच दिवसांत शून्य शून्य शून्य. फोडलेल्या पाइपचे फोटो तारखेसकट. सगळं एका पत्रात लावलं, करारातला कलम नंबर वर लिहिला. क्रेडिट नोट यायला सात आठवडे लागले. सात! आपण चार दिवस उशीर केला तर व्याज आणि त्यांचा उशीर झाला तर सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स. अडीच मार्क मी दिलेत ते याचे. पैसा परत मिळाला, पण त्यासाठी माझ्यासारख्या १८ माणसांच्या युनिटच्या मालकानं नऊ मेल करावे लागावेत हे बरोबर नाही. हे काम नेटवर्क चालवणाऱ्याचं आहे. पाइप त्याचा, व्हॉल्व्ह त्यानं बंद केला, वेळ त्याला माहिती, मग वजावट त्यानं स्वतःहून बिलात दाखवली पाहिजे.

दिवाळीचा किस्सा उलटा आहे, तिथं चूक आमची. दिवाळीला आम्ही आठ दिवस बंद ठेवतो, निम्मी पोरं गावाकडं जातात, कुणी परभणी कुणी हिंगोली. करारात वर्षातले काही दिवस शटडाऊनचे मिळतात पण आधी लेखी कळवून. मी पहिल्या वर्षी इंजिनिअरला तोंडी सांगितलं, तो हो म्हणाला. तोंडी सांगितलेलं कुठंच जात नाही. एमजीओ लागला, भरला, भांडलो नाही. आता सप्टेंबर संपायच्या आत पत्र जातं, पोच घेतो.

टॅक्सचं थोडक्यात. नैसर्गिक गॅस जीएसटीत नाही, त्याच्यावर व्हॅट लागतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ वरून ३ टक्के केलाय, त्यामुळं परवडतो. पण त्या ३ टक्क्यांचं क्रेडिट जीएसटीत मिळत नाही, तो खर्चच. उलट कमर्शियल एलपीजीवर १८ टक्के जीएसटी असतो आणि तुम्ही रजिस्टर्ड असाल तर तो वजा होतो. आमच्या मित्रानं एलपीजीचा जीएसटीसकट दर आणि पाइप गॅसचा व्हॅटसकट दर शेजारी लिहिले आणि २० टक्के बचत काढली. जीएसटी काढून बघितला तर बचत फार छोटी राहिली. दोन्ही दर उष्णतेवर आणा, जीएसटी वगळा, व्हॅट धरा, मग ठरवा. अजून एक, घरच्या पाइप गॅसचा दर बघून कारखान्याचा अंदाज लावू नका. घरगुती आणि सीएनजीला देशातला स्वस्त गॅस आधी मिळतो, आपल्याला बहुतेक बाहेरून आलेला, त्याचा भाव जगाबरोबर हलतो.

वाहतुकीचा भाग मात्र आपल्याला अनुकूल झालाय असं मला वाटतं. १ एप्रिल २०२३ पासून युनिफाइड टॅरिफ आला. आधी गॅस जितक्या कंपन्यांच्या लाइनीतून येईल तितके वेगळे वेगळे चार्जेस लागत जायचे, म्हणजे किनाऱ्यापासून लांबचा माणूस नुसत्या वाहतुकीतच मरायचा. आता अंतराचे झोन केले, सुरुवातीला तीन होते, ३०० किलोमीटरपर्यंत, ३०० ते १२००, आणि पुढं, आणि त्या जाळ्यात एका झोनमधल्या कारखान्यांना तोच दर. मग ज्या पाइपलाइनवाल्याला त्याच्या हक्कापेक्षा जास्त पैसे जमले त्यानं ज्याला कमी जमले त्याला द्यायचे, आपसात सेटलमेंट करायची, नियामक मंडळ म्हणजे पीएनजीआरबीच्या नियमानं. बघा, कोट्यवधींचा हिशोब त्या कंपन्या आपसात ठराविक वेळात मिटवतात, मग माझ्या २६० एससीएमला सात आठवडे का?

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला मामा आमच्याकडं पाइपवाला वेगळा आणि गॅस विकणारा वेगळा. म्हणजे त्याच्या फ्लॅटला पाइप ज्याचा आहे तो बदलता येत नाही, पण गॅस कुणाकडून घ्यायचा ते तो ठरवतो, गेल्या वर्षी त्यानं बदललासुद्धा. पाइपवाल्याचं काम मीटर आणि मोजमाप. छोट्या गिऱ्हाइकाचा रोजचा वापर एका ठरलेल्या अंदाजानं धरतात, मोठ्या कारखान्याचा तासातासाला मोजतात, आणि मीटर वाचल्यावर अंदाजापेक्षा जास्त किंवा कमी जे निघेल ते पाइपवाल्यानं गॅसच्या व्यापाऱ्याशी मिटवायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर नाही टाकायचं. २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून तर त्यांनी सगळ्या देशाचा एकच गॅस बाजार केलाय. मला त्यातली ही वाटणी फार आवडली. मोजणारा आणि विकणारा एकच असला की मोजण्याबद्दलची तक्रार आपण विकणाऱ्याकडंच घेऊन जातो, आमच्या जेसीबीच्या प्रकरणात तेच झालं.

आपल्याकडं पण हळूहळू तिकडंच चाललंय. पीएनजीआरबीनं शहरी गॅसच्या बोलीच्या नवव्या-दहाव्या फेरीत दिलेल्या भागांत कंपनीला पाइप टाकायचा एकट्याचा हक्क २५ वर्षं आहे, पण गॅस विकायचा एकट्याचा हक्क ८ वर्षं, कामाच्या अटी पाळल्या तर अजून २. त्यानंतर त्याच पाइपमधून दुसऱ्यानं भाडं देऊन गॅस आणून विकायची सोय नियमांत आहे. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी हे सारखं बोलतो, आपण सगळ्यांनी तयारीत राहिलं पाहिजे, आपला रोजचा वापर किती, कधी वाढतो कधी कमी होतो हा डेटा ज्याच्याकडं असेल त्यालाच उद्या नवा सप्लायर चांगला भाव देईल.

तर घ्यायचा का? तुमची भट्टी वर्षभर सारखी चालत असेल तर बिनधास्त घ्या. सीझनल काम असेल, जिनिंगवाले किंवा मसाल्याचे ड्रायरवाले, तर एमजीओ तिमाहीवर किंवा वर्षावर मोजायला सांगा, पंधरवड्यावर घेऊ नका, मागितलं तर बोलतात ते. सही करायच्या आधी एवढं लेखी घ्या की सप्लाय बंदची वजावट त्याच बिलात दिसेल. आमच्या रिन्यूअलच्या ड्राफ्टमध्ये मी हे टाकायला लावलंय, सोबत क्रेडिट नोट ३० दिवसांत नाहीतर आम्ही भरतो त्याच दरानं व्याज. पहिलं त्यांनी मान्य केलं. व्याजाचं अजून वर गेलंय, बघू काय उत्तर येतं, आलं की इथंच खाली टाकतो.

आणि आमच्याकडं आता रोज सकाळी ६ ला, गॅसचा दिवस बदलतो त्या टायमाला, नाइट शिफ्टचा पोरगा मीटरसमोर उभा राहून रीडिंग, प्रेशर, टेम्परेचर वहीत लिहितो आणि फोटो ग्रुपवर टाकतो. फोरमन मामांनी त्याला सांगून ठेवलंय की चहा नंतर, वही आधी. तिसरी वही चालू आहे. शेजारच्या चार युनिटनी तोच फॉरमॅट उचललाय, कुणाला पाहिजे असेल तर खाली लिहा, फोटो पाठवतो.